दुसऱ्यांदा विचारताना

कार्डाचा कोपरा उकलला होता, प्लास्टिकचा पापुद्रा सुटून वर आलेला. कौमुदी तो अंगठ्याने दाबत होती आणि अंगठा काढला की तो पुन्हा वर येत होता. लाल कार्ड. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘नाही’. हिरवं, ‘हो’चं, कार्ड नवंकोरं दिसत होतं... दिसणारच, काल कुसुमकाकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. व्यायाम चालू ठेवायला हवाय का? नाही. गिळण्याचा सराव हवाय का? नाही. इथे, या वॉर्डात, राहायला हवंय का? डावा हात सावकाश उचलला गेला, बोट लालवर टेकलं — अगदी शांतपणे, दारावर आलेल्या विक्रेत्याला परत पाठवावं तसं.

पद्धत कौमुदीचीच. पक्षाघाताने बोलणं गेलेल्या माणसाला काय हवंय ते त्याच्याच भाषेत विचारायचं, स्पष्ट विचारायचं, एकदाच विचारायचं आणि मिळालेलं उत्तर मानायचं. पुन्हा विचारलं की उत्तरात आपली इच्छा मिसळते, असं तिने प्रबंधात लिहिलं होतं, आणि हायडेलबर्गच्या या पुनर्वसन क्लिनिकमध्ये तिचं ते वाक्य आता जो तो तिलाच ऐकवत असे. आज बाराच्या बैठकीत डॉक्टर रॉयटर तेच विचारणार होते — काकूंनी नकार दिलाय ना? मग त्यांना शुश्रूषा-विभागात हलवू या. तिथे व्यायाम नाहीत, नळ्या नाहीत, बरं करण्याची खटपट नाही. दुखू नये, घाबरायला होऊ नये, एवढंच पाहायचं. त्यात वाईट काहीच नव्हतं. त्या विभागात माणसं किती निवांत जातात हे कौमुदीने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावर भाषणंही दिली होती. फक्त तिथून परत कुणी येत नसे. आणि क्लिनिकच्या कर्मचाऱ्यांत मराठी कळणारी ती एकटीच होती. म्हणजे काकूंचा नकार बैठकीत तिच्याच तोंडून जाणार होता.

मग कोपरा कशाला दाबत बसलीयेस?

बाबा. मिरजेच्या घरातली ती खाट, आणि आईच्या हातातली वाटी, पातळ भाताची. ‘एवढा एकच... माझ्यासाठी... हा शेवटचा.’ शेवटचा घास कधी शेवटचा नसेच. बाबा तोंड मिटून घेत, भिंतीकडे पाहत, आणि मग उघडत — भुकेसाठी नव्हे, आईसाठी. एक दिवस तो घास श्वासाच्या वाटेने गेला आणि उरलेले दिवस खोकण्यात गेले. आईचं प्रेम खोटं नव्हतं. पण खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मला तेव्हा ओरडावंसं वाटलं होतं, अगं, ते नको म्हणतायत, ऐक ना! दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. कौमुदीने तर ताकाचा शास्त्रोक्त अभ्यासच मांडला होता.

ती उठली. कार्डं खिशात टाकली आणि वॉर्डाकडे निघाली. का, ते तिलाही नीट माहीत नव्हतं.

परिचारिकांच्या खोलीत गेल्या वर्षीच्या वर्ल्ड कपचा झेंडा अजून टांगलेला होता. काकूंच्या खोलीत त्यांची सून सुनेत्रा खिडकीपाशी बसली होती, कोट अंगातच. काकू उन्हाळ्यापुरत्या लेकाकडे आल्या होत्या. नागेश मानहाइमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. आई आली म्हणून त्याने सुट्टी काढली, सगळ्यांनी मिळून बोटीतून किल्ला पाहिला, आणि पुढच्याच आठवड्यात सकाळी काकूंच्या उजव्या हातातून दात घासायचा ब्रश गळून पडला. त्यानंतर शब्द गेले. कळायचं मात्र सगळं, निदान तपासण्या तरी तसं सांगत होत्या.

सिस्टर हायके चहा घेऊन आली. घट्ट केलेला चहा, ठसका लागू नये म्हणून पावडर घालून खिरीसारखा केलेला. तिने कप काकूंसमोर ठेवला आणि हसून विचारलं, हवाय का? काकूंनी डावा हात उचलून कपावर आडवा धरला. “गूट,” म्हणजे बरं, असं म्हणत हायकेने कप उचलला. तिचं चुकलं नव्हतं. नको म्हणणाऱ्याच्या तोंडाशी कप न्यायचा नाही, ही सभ्यता तिला शिकवण्यात कौमुदीचाही वाटा होता.

पण कौमुदी त्या हाताकडे पाहत राहिली. कप गेल्यावरही हात तसाच होता, हवेत, पालथा... बोटं जरा विलग. हा हात मी पाहिलाय. कितीदा पाहिलाय! लग्नाच्या पंगतीत, डोहाळजेवणाला, सणावारी आमच्याच स्वयंपाकघरात — पानावर आडवा धरलेला हात, ‘नको, नको, अहो पुरे!’ आणि वाढणारणीची नजर त्या बोटांवर. बोटं घट्ट मिटलेली असली तर खरंच नको. फट असली तर त्या फटीतून जिलबी पानात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. ‘हवंय का’ असं तर विचारायचंच नसतं. तसं विचारलं की माणूस नाहीच म्हणणार, त्यातूनही सासूबाई, त्यातूनही दुसऱ्याच्या गावात, सगळ्यांना आपल्यापायी धावपळ पडलेली असताना. आणि मी काय विचारलं होतं? व्यायाम हवाय का. एकदाच, स्पष्ट, मराठीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही प्रबंध लिहून!

“हायके, कप राहू दे,” ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि मग सुनेत्राकडे वळली. “तुम्ही काकूंना परत विचारता का? एकदा नको म्हणाल्या की?”

“छे हो. नागेशने बजावलंय, तुमचा नियम आहे ना? आल्झो... म्हणजे, घरी मी कधी विचारायचेच नाही. ताटात वाढून मोकळी व्हायचे. आई आपल्या नको नको करत सगळं जेवायच्या.” सुनेत्राने नाक पुसलं. “इथे मात्र नियम पाळतेय. वाटलं, तुम्हाला जास्त कळतं.”

कौमुदीला एकदम लाज वाटली, कान तापेपर्यंत. ती पलंगाशी बसली.

“काकू, अर्धाच घ्या. गार होतोय बघा.”

स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. तो आईचा आवाज होता. तीच ओढ, तोच ‘अर्धाच’... आता या तोंड उघडतील, पण कुणासाठी? मला कसं कळणार? फट म्हणजे होकारच असेल कशावरून, थकलेली बोटंही विलग होतात. काकूंनी डोळे मिटून घेतले. कप तसाच राहिला. घाई केली, की उशीर केला, की दोन्ही?

सुनेत्रा खिडकीपासून उठली. तिने पिशवीतून डबा काढला, सिस्टरांसाठी आणलेले शंकरपाळे. “तुम्ही तरी घ्या,” असं म्हणत तिने थोडे बशीत काढले आणि बशी टेबलावर ठेवली. काकूंनी डोळे उघडले, बशी पाहिली. मग त्यांचा डावा हात पुढे आला, बशीच्या कडेला टेकला आणि बशी सरकू लागली. स्वतःकडे नाही — कौमुदीकडे.

“नको काकू, आत्ताच खाऊन आलेय,” कौमुदी म्हणाली.

म्हणाली आणि थबकली. सकाळपासून तिच्या पोटात एका कॉफीशिवाय काही नव्हतं. शंकरपाळ्यांचा वास आल्याबरोबर तोंडाला पाणी सुटलं होतं. कुणी लाल कार्ड पुढे केलं असतं तर तिने खुशाल त्यावर बोट ठेवलं असतं!

काकूंनी तिचं ऐकून घेतलं नाही. बशी आणखी सरकली, टेबलाच्या कडेपर्यंत आली. ओठांचा डावा कोपरा हलला, घशातून एक आवाज आला — शब्द नव्हता, पण सूर चुकण्यासारखा नव्हता. भुवई चढली होती. घे म्हटलं ना.

कौमुदीने एक घेतला. काकू तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, चावून, गिळून होईपर्यंत, आणि मग दुसऱ्यासाठी बशी पुन्हा हलली. अर्धं अंग निकामी झालेली, परक्या मुलखात पडलेली ही बाई अजून यजमानीण होती! कौमुदीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि तिने दुसराही घेतला, न विचारता.

बाराला पाच कमी होते. तिला जायलाच हवं होतं. बैठकीत काय सांगायचं? हो म्हणाल्या, असं सांगता येणार नव्हतं. काकू कशालाच हो म्हणाल्या नव्हत्या. मला दुसऱ्यांना खाऊ घालायचंय याचा अर्थ मला स्वतःला जगायचंय असा होतो, हे कुठल्याही प्रबंधात बसणार नाही. डॉक्टर रॉयटर चष्मा काढून म्हणतील, फ्राउ डॉक्टर, एकदाच विचारायचं ना? आणि मी म्हणेन... नकार आहे असं मी आज सांगू शकत नाही. मला अजून विचारायचंय, वेळ द्या. ते ‘किती’ म्हणतील. माहीत नाही म्हणेन.

माहीत नाही, हे तिने त्या टेबलाशी आजवर कधी म्हटलं नव्हतं.

दारातून बाहेर पडताना मागून सुनेत्राचा आवाज आला, “अहो आई, असू द्या हो, एक चमचा,” आणि चमचा कपावर किणकिणला. कौमुदीचं पाऊल अडखळलं. वळून पाहिलं असतं तर कळलं असतं, तोंड उघडलं की भिंतीकडे फिरलं. ती वळली नाही. आई आठवली, वाटी धरून बसलेली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर राग आला नाही. तीही विचारतच होती बिचारी. फक्त उत्तर ऐकायला थांबत नव्हती. मी थांबेन. पुन्हा विचारीन आणि थांबेन, आणि खरोखरीचं नको असेल तर तेही काकूच मला शिकवतील, भुवई चढवून... जिभेवर तुपाची, साखरेची चव होती. भूक उलट खवळली होती. कॉरिडॉरच्या टोकाला बैठकीच्या खोलीचं दार उघडं होतं, आत खुर्च्या सरकत होत्या, आणि काही ठरलेलं नसतानाही ती भराभर चालत होती.