चादरीचं दुसरं टोक

आमच्या घरातलं कपडे धुवायचं मशीन कपडे धुवायचं, पण पिळायचं नाही. पिळायचा भाग बंद पडून बरेच दिवस झाले होते आणि दुरुस्तीचं नाव मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी काढत नव्हतो. पुरुषांना त्याचं नवल वाटायचं. एरवी गॅसचं बटण जरा घट्ट झालं तरी ह्या दोघी घर डोक्यावर घेतात, आणि मशीनबद्दल चकार शब्द नाही!

त्याचं कारण गच्चीवर होतं. मोठ्या चादरी एकटीने पिळता येत नाहीत. एक टोक मी धरायचं, दुसरं तिने, आणि उलट्या दिशेने पीळ द्यायचा. प्रत्येक पिळाला एकेक तक्रार काढायची, असा आमचा रिवाज पडून गेला होता. पहिला पीळ सासूबाईंचा. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, ते जुळलं, पण आधाराशिवाय त्यांना उठता येत नसे. त्या पलंगावरून काठीने भिंत ठोकून बोलावत आणि गेलं की म्हणत, "काही नाही, कुणी आहे का ते बघितलं." दुसरा पीळ माझ्या नवऱ्याचा. ओला टॉवेल गादीवर टाकणार, रिकामी बाटली फ्रीजमध्ये ठेवणार, आणि सगळं आवरून मी पाठ टेकली की विचारणार, "काही मदत करू का?" तिसरा भाऊजींचा. ते न्हाणीघरात फोन घेऊन जात आणि साऱ्या घराला व्यवहार ऐकवत. चौथ्या पिळापर्यंत पाणी संपलेलं असायचं, पण तक्रारी उरायच्या, मग आम्ही कोरड्या होत आलेल्या चादरीलाही पिळत बसायचो. हसून हसून हातातलं टोक सुटायचं. खाली उतरलं की पुन्हा सासूबाईंना उठवायला, भांडी लावायला आणि टॉवेल उचलायला अंगात बळ यायचं.

खाली ती मला "ताई, तुम्ही" म्हणायची. गच्चीवर "तू". मला सख्खी बहीण नाही. ती जागा हिने कधी घेतली ते मला कळलंही नाही.

माझं काम शिवणाचं. घरीच लोकांचे कपडे उसवून लहानमोठे करून द्यायचे. हात मात्र माझा खरा कटिंगवर बसलेला. लग्नाआधी मी थरावर थर रचून कापड कापायचे आणि माझं कापलेलं वाया जात नसे. अचानक एक दिवस शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला. त्यांचे कटिंग मास्तर काम सोडून गेले होते. सकाळची पाळी, दुपारी सुट्टी. "शनिवारपर्यंत सांगा, सोमवारी या. त्यानंतर मी थांबू शकत नाही," त्या म्हणाल्या.

अडचण एकच होती. सासूबाईंना एकटं ठेवता येत नव्हतं. धाकटी दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसायची, तीही सकाळीच.

"मी संध्याकाळची पाळी मागून घेते," त्याच दिवशी गच्चीवर ती म्हणाली. "सकाळी म्हातारी माझी, दुपारनंतर तुझी. जा तू."

"डॉक्टर ऐकतील?"

दोन दिवसांनी ती म्हणाली, "ऐकलं. हो म्हणाले."

मी तिला तिथेच मिठी मारली. ओली चादर आम्हा दोघींच्या मध्ये, तरी मारली. कारखान्यात पाळीभर उभं राहावं लागणार म्हणून तिने मला मऊ तळव्यांच्या चपलाही आणून दिल्या. घरातल्यांना मात्र इतक्यात नको सांगायला, असं तीच म्हणाली. "आधीच कशाला फाटे फोडून घ्यायचे? रविवारी आपण दोघी मिळून सांगू." मला ते पटलं. तिचं मला सगळंच पटायचं.

गुरुवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात मशीन दुरुस्त करणारा, हातात हत्यारांची पेटी.

"आम्ही नाही बोलावलं," मी म्हटलं.

"धाकट्या बाईंनी बोलावलंय. शनिवारच्या आत करा म्हणाल्या."

मला वाटलं, किती विचार करते पोरगी! मी कारखान्यात जाणार, थकून येणार, म्हणून हिने आपला रिवाजसुद्धा सोडायची तयारी केली. मी त्याला आत घेतलं, मशीन भिंतीपासून ओढून दिलं, वर चहाही ठेवला.

तो मागचं झाकण उघडत बोलत होता. बोलणारा माणूस होता. "बरोबर आहे त्यांचं. तुम्ही एकट्या, एवढ्या मोठ्या चादरी कशा पिळणार? त्यांच्या नव्या घरी मशीन जोडायलाही मीच जातोय रविवारी. घर छान आहे हं, उजेड भरपूर."

"कुणाच्या नव्या घरी?"

तो थांबला. आपण काहीतरी सांडलं आहे, हे त्याला कळलं असावं. "म्हणजे... त्या तिकडे राहायला जातायत ना? मला तसंच म्हणाल्या. तुम्हाला माहीत असेल."

"हो, हो," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. परक्या माणसासमोर मला माझीच लाज वाटली.

बोटाएवढा एक भाग बदलून त्याने मशीन चालू करून दाखवलं. पिळायचा भाग गरगर फिरू लागला. चांगला चालत होता.

तो गेल्यावर मी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी आडवळण न घेता विचारलं.

"हो, चाललेत ना दोघं," त्या म्हणाल्या. "मला सांगून बरेच दिवस झाले." मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. "तुला नाही सांगितलं? अगं, मी तर समजले, सगळ्यात आधी तुलाच ठाऊक असणार. रोज तासन्‌तास वर असता की दोघी."

ज्या बाईच्या नावाने आमचा रोजचा पहिला पीळ असायचा, तिने मला खरं सांगितलं. मी पलंगाच्या कडेवर बसले. रडू येत नव्हतं. अंगाचा नुसता संताप संताप झाला होता.

दुपारी धाकटी आली. दारातच मशीन बघितलं आणि एकदम खूश झाल्यासारखी म्हणाली, "अय्या, झालं वाटतं! ताई, तुमचा केवढा त्रास वाचला."

मी धुतलेल्या चादरी बादलीत भरल्या आणि गच्चीवर गेले. ती मागून आली. चादरी मशीननेच पिळलेल्या होत्या, दोरीवर टाकायच्या तेवढ्या. तिने सवयीने एक टोक उचललं, दवाखान्यातली कुठलीतरी गंमत सांगू लागली. एका पेशंटने म्हणे डॉक्टरांचं बोटच चावलं. मी तिला बोलू दिलं. मला तिला एक संधी द्यायची होती. गंमत संपली, ती हसली, पुढची चादर घेतली.

"अजून काही?" मी विचारलं.

"अजून काय? आज तसं काही नाही."

"नव्या घरात उजेड छान आहे म्हणे."

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. मग ती रडायला लागली. मला त्याचाच राग आला. रडायचं माझं होतं, तेसुद्धा हिने आधी करून टाकलं.

"मी रोज सांगणार होते गं. पण तू इतकी खुशीत होतीस. तुझ्या तोंडावर कसं सांगू?"

"आणि डॉक्टर हो म्हणाले ते?"

ती चादरीची घडी उलगडू लागली.

"विचारलं तरी होतंस त्यांना?"

तिने मान हलवली. नाही.

"मग तोंडावर हो कसं सांगितलंस? तेवढं जमलं?"

"तुला खरं सांगितलं असतं ना," ती डोळे पुसत म्हणाली, "तर तू मला जा म्हणाली असतीस. मला माहीत आहे. आणि तू तसं म्हणाल्यावर माझा पायच निघाला नसता. इथे माझा जीव घुसमटतो, ताई. तुला तर माहीत आहे."

माहीत होतं. तिच्या घुसमटीचा एकेक पीळ मी माझ्या हातांनी दिला होता. तिला वेगळं राहायचं होतं यात काही गुन्हा नव्हता. मी खरंच तिला जा म्हणाले असते. सामानही बांधून दिलं असतं. पण माझ्या चांगुलपणाच्या भीतीने तिने मला फसवलं, हे ऐकून घ्यायला मी देवी नव्हते. म्हणजे चूक पुन्हा माझीच, मी चांगली आहे म्हणून!

"चपला कशाला आणल्यास?" मी विचारलं.

मी उरलेल्या चादरी एकटीनेच टाकल्या. ती उभी होती, मदतीला हात पुढे करत होती. मी तिला हात लावू दिला नाही.

खाली येऊन मी मालकीणबाईंना फोन लावला. सोमवारी येते, असं सांगितलं. मग सासूबाईंकडे गेले, कारण त्यांना न सांगता मला काही करायचं नव्हतं. त्यांना सगळं सांगितलं: काम काय, किती वेळ, आणि त्या वेळात त्यांच्याजवळ कोण थांबणार याची सोय झालेली नाही हेसुद्धा.

त्यांनी हातातली काठी पलंगाला टेकवली. म्हणाल्या, "जा तू. मला मुलगे दोन आहेत. त्यांना सांग की आईचं हाड मोडलंय."

रात्रीच्या जेवणाला सगळे टेबलाशी होते. सासूबाईंनाही आधार देऊन आणून बसवलं. धाकटीचे डोळे सुजलेले होते, भाऊजी तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. मी वाढता वाढता म्हटलं, "सोमवारपासून मी कामावर जातेय. गणवेशाच्या कारखान्यात, कटिंगला. सकाळी घरात कोण थांबायचं ते तुम्ही ठरवा."

ह्यांचा घास हातातच राहिला. "कुठे जातेयस? कधी ठरलं हे?"

"आज."

"आणि मला आत्ता सांगतेस? असं परस्पर ठरवतात का? मी काय परका आहे?"

ह्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. मला क्षणभर वाईटही वाटलं. तेवढ्यात ते भाऊजींकडे वळले आणि म्हणाले, "आता काय करायचं रे? मी तर तुला शब्द दिला होता, की बिनघोर जा, आईचं ही बघेल म्हणून."

आमटीचा डाव तसाच हातात राहिला. म्हणजे धाकटीने नुसतं लपवलं होतं. माझी वाटणी ह्यांनी केली होती. दोघा भावांनी समोरासमोर बसून ठरवलं असणार. कुणाच्या वाट्याला नवं घर, कुणाच्या वाट्याला मी. आणि रात्री ह्याच माणसाने येऊन मला विचारलं असणार, काही मदत करू का?

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"भाऊ आहे तो माझा. मला न विचारता जाईल का?"

"आणि मला कधी विचारणार होतात?"

ते खरंच गोंधळले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. सगळ्यांत जास्त मला तेच लागलं, अजूनही लागतं. "तुला काय विचारायचं त्यात?" ते म्हणाले. "तू तर घरचीच."

"घरची आहे म्हणून तरी विचारायचं," मी म्हटलं आणि डाव खाली ठेवला.

एकट्या सासूबाई शांतपणे जेवत राहिल्या. रविवारी धाकटीचं सामान गेलं. ती पाया पडायला आली तेव्हा मी आशीर्वाद दिला, पण तिच्या डोळ्यांकडे मला बघवलं नाही. सोमवारी सकाळी माझी वेळ झाली, मी निघाले. सासूबाईंजवळ त्यांच्या दोन मुलग्यांपैकी कोण थांबतंय, ते मी विचारलं नाही.