रंभाच्या नावाची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे आणि मी वाळवंटात राहते. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. शारजाच्या अल नहदा भागातल्या आमच्या इमारतीत, लिफ्टमध्ये मला पाहून कोणीतरी रोज हसायचंच.

माझा जन्म चिपळूणच्या एका लहानशा दुकानात झाला. लोखंडी काड्या, जाड कापड, लाकडी मूठ. रंभाच्या वडिलांनी मला विकत घेतलं आणि पेंटरकडून माझ्या कापडावर पांढऱ्या रंगात तिचं नाव घालून घेतलं. छत्र्या हरवू नयेत म्हणून तेव्हा सगळेच नाव घालून घेत.

मग रंभाचं लग्न झालं. सासरी ताटात तांदूळ पसरले आणि तिच्या नवऱ्याने, धनंजयने, अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं: संजना. सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्या दिवसापासून घरात आणि लग्नाच्या दाखल्यावर ती संजना झाली. पासपोर्ट मात्र तिने लग्नाआधीच शाळेच्या दाखल्यावरून काढला होता. त्यामुळे रंभा हे नाव दोनच ठिकाणी उरलं, पासपोर्टवर आणि माझ्यावर.

लग्नानंतर आम्ही शारजाला आलो. धनंजय लांब मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये काम करायचा आणि सुट्टीला शारजाला घरी यायचा. माझी काडी मोडली तेव्हा त्यानेच तिथून तार आणून ती जोडली. रंभा नर्सरीत शिकवायची. बसथांब्यापर्यंतचं ऊन मी अंगावर घ्यायचे.

त्यांना मूल नव्हतं. ते श्रीलंकेत कँडीला गेले आणि लग्नाचा दाखला दाखवून तिथल्या कोर्टातून एक तान्ही मुलगी दत्तक घेऊन आले. तिचं नाव दिलिनी. बारशाला नणंद म्हणाली, "वहिनी, आता आपल्यातलं काहीतरी ठेवू या. मनाली कसं वाटतं?"

"तिला नाव आहे," रंभा म्हणाली. "या घरात एकीचं बदललं तेवढं पुरे."

कोर्टाचा हुकूम हातात आला, म्हणजे मुलगी आपली झाली आणि आपल्या देशाचीही झाली, असं दोघांना वाटलं. तसं नव्हतं. दिलिनी श्रीलंकेच्या पासपोर्टवरच वाढत राहिली. ती मराठीत रुसायची आणि इंग्रजीत भांडायची. तिला सतरावं लागल्यावर कळलं की भारताची नागरिक म्हणून तिची नोंदच नाही, आणि ती अठरा पूर्ण व्हायच्या आत करायला हवी. धनंजयची नोकरी संपत आली होती. आईबाप चिपळूणला परतणार आणि लेक त्यांच्या घरी पाहुण्यांचा व्हिसा काढून येणार का?

रंभा अर्ज घेऊन भारतीय वकिलातीत गेली. मी तिच्या मांडीवर होते. खिडकीतल्या साहेबांनी कागद चाळले.

"मॅडम, कोर्ट के ऑर्डर में माँ का नाम संजना है। पासपोर्ट पे रंभा। ये संजना कौन है?"

"मैंच."

"और रंभा?"

"वो भी मैंच."

"मॅडम, एक माँ लाइए," साहेब हसले.

रंभाने मला तिथल्या तिथे उघडलं. मागच्या रांगेतले लोक दचकून सरकले. "ये देखो. मेरे पिताजी ने लिखवाया."

"छाता प्रूफ नहीं है, मॅडम. पासपोर्ट में संजना करवा लो. आसान है."

घरी धनंजयही तेच म्हणाला. "करून टाक ना संजना. एवढं काय त्यात?"

"तुमचं नाव कधी कोणी तांदळात लिहिलं?"

लिहिणारा धनंजयच होता.

दुसऱ्या दिवशी ती दिलिनीला घेऊन सरकारी अर्ज भरून देणाऱ्या एका टायपिंग सेंटरमध्ये गेली. तिथल्या परेशने खुर्ची पुढे केली. "मावशी, कोर्टबिर्ट सोडा. माझ्या ओळखीने गावचा जन्मदाखला काढू. तुम्हीच जन्म दिला, गावीच दिला. खलास!"

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"फक्त लिहायचं हो. विचारतंय कोण?"

"ही मला विचारेल," रंभाने दिलिनीकडे बोट दाखवलं. "मी तिला जन्म दिला नाही. मी तिला आणली, विमानातून, मांडीवर घेऊन. यात लपवण्यासारखं काय आहे?"

"आई, लीव्ह इट ना," दिलिनी रडवेली झाली. "आय डोंट केअर कुठला पासपोर्ट."

"मला आहे केअर. ऊठ."

ती लेकीला घेऊन कँडीला गेली. तिथे पाऊस होता. इतकी वर्षं उन्हात काढलेली मी पुन्हा एकदा ज्यासाठी बनले होते ते काम करत होते, आणि जोडलेल्या काडीपाशी थोडी गळतही होते. धनंजयने लग्नाचा दाखला सोबत दिला होता, आणि "हे नाव सासरी मी ठेवलं" असं स्वतः लिहूनही दिलं होतं. कोर्टाने हुकमात दुरुस्ती केली: आईचं नाव रंभा, लग्नानंतर संजना या नावानेही ओळखली जाते.

दिलिनीचा वाढदिवस तोंडावर आला तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं. नाव दिलिनी. आई रंभा. त्या कागदावर दोघींपैकी एकीचंही नाव कोणी बदललेलं नव्हतं. रंभाने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "चला, आता इडली खाऊ."

मित्रांनो, गेल्या आठवड्यात रंभा गेली. चिपळूणला परतणं लांबतच राहिलं आणि ती शारजाच्याच एका हॉस्पिटलमध्ये गेली. धनंजयला बाकावर बसवून दिलिनी कागदपत्रांच्या खिडकीत गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, "नातं?" दिलिनीने "मुलगी" म्हणून आपला भारतीय पासपोर्ट पुढे ठेवला. बाईंनी त्यावरचं आईचं नाव रंभाच्या पासपोर्टशी जुळवलं आणि शिक्का मारला. एकही प्रश्न आला नाही. दिलिनी मला घेऊन बाहेर उन्हात आली, पण तिने मला उघडलं नाही.

आता मी दारामागे असते. माझं कापड विटलं आहे. शाळेच्या निबंधांत माझ्या जातीच्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपलं नाही तरी चालेल. पण कोणी तुम्हाला म्हणालं की सोपं पडतं म्हणून खोटं लिही, किंवा आमच्या सोयीसाठी तुझं नाव सोड, तर खुर्चीवरून उठा आणि खरं लिहून मिळेल तिथपर्यंत जा. कँडी लांब असली तरी जा.

काल चिपळूणहून आत्याचा फोन आला. पेपरात निधनाची बातमी द्यायची होती. "संजना असंच छापते गं, सगळे तिला त्याच नावाने ओळखतात."

"आत्या, मग त्यांना आता खरं नाव कळू दे," दिलिनी म्हणाली. "रंभा. र वर अनुस्वार आहे, तेवढा नीट बघा."