रेघेच्या वरचा तांदूळ

पिपा म्हटलं की तुम्ही नाक मुरडता, मला चांगलं माहीत आहे. मुरडा, मित्रांनो! मी एक जुना तेलाचा पिपा आहे, पत्र्याचा, चौकोनी, कडेला गंज धरलेला. गोंदियात दुलीचंद किराणावाल्याच्या दुकानात माझ्यातलं तेल संपलं आणि मी मंगरू पत्रेवाल्याच्या हाती लागलो. त्यानं माझं तोंड कापलं, कडा ठोकून बोथट केल्या, वर बिजागरीचं झाकण बसवलं. तेलाचा वास जावा म्हणून मला राखेनं इतकं घासलं की बाई गं! पण त्यानंतर असा चकाकलो की विचारू नका.

मला विकत घेतलं रत्नपाल आणि मोनालीनं. नवंनवं लग्न, रेल्वे फाटकापाशी भाड्याची एक खोली. रत्नपाल राईस मिलमध्ये पोती उचलायचा, मोनाली घरी ब्लाऊज शिवायची. दोघांची नावं अजून गावाकडच्या, नवेगाव बांधच्या रेशन कार्डावरच होती, त्यामुळे इथे तांदळाचा दाणा न दाणा विकत घ्यावा लागे.

खोली लावून द्यायला रत्नपालची आई लीलाबाई गावाहून आली होती. तिनं सुनेला समजावलं, "भात लावताना मापलेल्या तांदळातली एक मूठ परत पिप्यात टाकत जाय. घरातला तांदूळ कधी सरत नाही." त्यांच्याकडे ही जुनीच रीत होती. मला ती फार आवडली. कोणी आपल्यातलं काढून परत देतं, हे पिप्याच्या नशिबी कुठलं!

रत्नपालचं डोकं मात्र हिशेबी. पहिल्यांदा मला भरण्याआधी त्यानं खिळा घेऊन माझ्या आत आडव्या रेघा ओढल्या. पत्र्यावर खिळा ओढताना जो आवाज होतो, तो ऐकून मोनालीनं कानात बोटं घातली होती. "हा पह्यला आठवडा, हा दुसरा," तो सांगत होता. "आठवडा सरायच्या आधी तांदूळ रेघेच्या खाली गेला, तर समजायचं आपण जास्त खाऊन राहिलो. मग डाळ, तेल, साखर जरा हात आखडून." झालं, तेच त्यांचं महिन्याचं बजेट. दर रविवारी दोघं माझं झाकण उघडून डोकी टेकवून आत बघायचे. रेघ दिसली तर एकमेकांवर ढकलायचे. "तूच खादाड!" "तुमीच खादाड!" आणि हसून हसून बेजार व्हायचे.

पुढे मोनालीला दिवस गेले. त्याच पावसाळ्यात मिलचं काम मंदावलं आणि रत्नपालच्या पाळ्या कमी झाल्या. दोघांनी माझ्यासमोर बसून ठरवलं की महिन्याअखेर माझ्यात जेवढा तांदूळ उरेल, तेवढा पुढच्या महिन्यात घ्यायचा नाही. त्याचे पैसे बाळंतपणासाठी बाजूला टाकायचे. "लेकरू आपलं नशीब घेऊन येऊन राहिलं," रत्नपाल म्हणाला. मोनालीनं पोटावर हात ठेवला.

आता पुढचं सांगताना मला राग येतो, मित्रांनो, आणि रडूही येतं. मापलेल्या तांदळातली एक मूठ माझ्यात परत यायची, तिथे दोन यायला लागल्या. मग तीन. मोनाली रत्नपालला आधी वाढायची, कारण त्याला पाळीवर जायचं असे. तिचं जेवण त्याच्या मागून. तोही काही कमी नव्हता. अर्धा भात ताटात तसाच ठेवायचा आणि म्हणायचा, "माह्यं पोट भरलं. हा तू खाय, तुले आता दोघांचं लागते." आणि सायकल काढून जायचा. तो गेला की ही बाई तोच भात झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच डब्यात भरायची. स्वतः काय खायची? भाताची पेज, त्यात मीठ. कधी भाताच्या पातेल्याच्या बुडाला लागलेली खरपुडी. सगळं माझ्या डोळ्यांसमोर.

शेजारच्या नंदाबाईनं एकदा विचारलंच, "काय वो मोनाली, चेहरा काऊन असा पांढरा पडला तुहा?"

"उलट्या होऊन राहिल्या जी, अन्नावर वासनाच नाही," ही सरळ म्हणाली.

आणि रविवारी? रविवारी रत्नपाल माझं झाकण उघडायचा आणि खूश व्हायचा. "अवं पाय! रेघ दिसूनच नाही राहिली! आपलं बजेट कसं मस्त जमून राहिलं!" माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचा, "बरकत आहे या पिप्यात!" मोनालीही हसायची. मला त्या घरात सगळ्यात जास्त कौतुक मिळालं, ते त्या महिन्यांत.

सातवा सरत होता. एका दुपारी शिलाई मशीनवरून उठताना मोनाली धाडकन खाली पडली. नंदाबाईनं आरडाओरडा करून ऑटो बोलावला आणि तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली तेव्हा रत्नपालच्या हाताला धरून आली, आणि सोबत लेकरू नव्हतं. मुलगी होती म्हणे. ओंजळीत मावेल एवढी. एकदाही रडली नाही.

लीलाबाई गावाहून धावत आली. आल्याआल्या सुनेसाठी मऊ भात टाकायला तिनं माझं झाकण उघडलं आणि तिथेच थांबली.

"महिना सरून राहिला, अन् पिपा अजून अर्धा भरलेला कसा?"

मग मोनाली खाटेवरून हळू आवाजात म्हणाली, "मूठ टाकत होती जी. लेकरासाठीच ठेवून राहिली होती."

लीलाबाई सुनेच्या उशाशी जाऊन बसली. "माय वो! एक मूठ सांगतली होती मी तुले. दोन जिवांची बाई तू, तोंडातला घास कायले काढला?"

"पण मी तर रोज हिच्यासाठी भात सोडत होतो!" रत्नपाल म्हणाला. "विचार तिले. रोज सोडत होतो."

"तुमच्याच डब्यात भरत होती," मोनाली म्हणाली. "तुमी पोती उचलता म्हणून."

"म्हणजे मी... मी तोच भात खाऊन राहिलो होतो?" एवढं बोलून रत्नपाल माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. मोनालीला रडायचीही ताकद नव्हती. लीलाबाई एकदा लेकाकडे बघत होती, एकदा सुनेकडे.

त्यानंतर त्यांनी मला खाटेखाली सरकवलं. तांदळात सोंडे झाले, तो कोंबड्यांना गेला. आता माझ्यात मशीनच्या चिंध्या असतात. तांदळाला प्लास्टिकचा डबा आणलाय, त्याच्यावर रेघ नाही. भात शिजला की दोघं एकाच ताटात जेवतात, फारसं न बोलता. मोनालीचा घास तोंडाजवळ येऊन थांबतो, तेव्हा रत्नपालही थांबतो.

माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. पत्रा आहे मी, गंजणारच. तुमच्याही घरी महिन्याचं सामान येतं, पुरवून पुरवून वापरलं जातं. ते चांगलंच आहे. पण आज जेवायला बसाल तेव्हा तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं ते बघा. जागेवरून उठा आणि तिच्या ताटात डोकावा. ती म्हणेल, माझं पोट भरलंय. तरीही डोकावा.