दोन रविवारांचा नियम

मी एक जुना स्ट्रेचर आहे. दोन लाकडी दांडे, मध्ये जाड कॅनव्हास आणि चार लोखंडी पाय, एवढेच माझे शरीर. त्यातला एक पाय गंजून गळून गेला आहे. कॅनव्हासवर नीट पाहिलेत तर तपकिरी डाग दिसतील. ते गंजाचे नाहीत, मित्रांनो. ते माणसांचे आहेत.

कुराम्बीच्या लाकूड गिरणीतल्या सुताराने माझे दांडे तासले आणि घोड्यांची खोगिरे शिवणाऱ्याने कॅनव्हास शिवला. त्या वर्षी, म्हणजे १९५१ साली, आसपासच्या पाच गावांनी मिळून रग्बीची लीग सुरू केली होती. ती दुसऱ्या श्रेणीची होती. पहिल्या श्रेणीतल्या संघांकडे हिरवळीचे मैदान होते आणि डॉक्टरही होता. आमच्याकडे मेंढ्या हाकलून मोकळे केलेले कुरण होते आणि मी होतो. खेळणारे लोक लोकर कातरणारे, कुंपणे घालणारे, गव्हाची पोती वाहणारे. तेरा माणसे लंबगोल चेंडू घेऊन पुढे धावत आणि समोरची तेरा माणसे त्यांना जमिनीवर आपटत. हिवाळ्यात ती जमीन गोठून विटेसारखी टणक होई.

पहिल्याच रविवारी माझ्यावर एक माणूस आला. त्याच्या कानाचा तुकडा दुसऱ्याच्या दातांत राहिला होता. मग जबडे आले, नडग्या आल्या, खांदे आले. बरगडी मोडलेला माणूस माझ्यावर पडला की प्रत्येक श्वासाबरोबर आतली बारीक करकर मला कॅनव्हासमधून जाणवे. एकदा तर शेजारच्या विरिन गावच्या प्रेक्षकांनी पंचालाच तुडवले. तोही माझ्यावर आला, आणि दात थुंकत विचारू लागला, "माझी शिट्टी कुठाय?"

मला पुढून उचलणारा माणूस म्हणजे आर्नल्ड पेक. तो रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता आणि प्रथमोपचार शिकलेला होता. दर सोमवारी तो मला गार पाण्याने आणि मिठाने धुई. "गरम पाणी ओतू नकोस गं," तो बायकोला बजावत असे, "रक्त शिजतं आणि कायमचं बसतं." त्या काळात गावे मला मान देत. मी मैदानाच्या कडेला दिसलो की आया निश्चिंत होत.

१९५६ साली एका खेळाडूच्या डोक्याला मार लागला. त्याला माझ्यावरून बाहेर नेले. दहा मिनिटांनी तो उठला, परत खेळायला गेला, पुन्हा पडला, आणि दुसऱ्यांदा माझ्यावर असतानाच मेला. लीगच्या समितीने लगेच नियम केला: जो स्ट्रेचरवरून बाहेर जाईल, त्याने पुढचे दोन रविवार खेळायचे नाही. नियम चांगल्या मनाने केला होता. मलाही त्याचा अभिमान वाटला.

पण त्यानंतर माझ्यावर कुणी येईना. गुडघा उलटा वळलेली माणसे मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत बाहेर जात. मला पाहिले की ओरडत, "पेक, ते मढी वाहायचं फळकूट लांब ठेव!" १९५५ च्या हंगामात मी एकतीस माणसे वाहिली होती. १९५७ मध्ये चार. वर्षाच्या सभेत समितीने सांगितले की खेळ आता सुरक्षित झाला आहे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते जखमा मोजत नव्हते, मित्रांनो. ते मला मोजत होते.

१९६३ ची उपांत्य लढत कुराम्बी आणि विरिन यांच्यात होती. कुराम्बीचा सगळ्यात वेगवान गडी होता लेस्टर क्विल्टी, कुंपणे घालणारा, पंचवीस वर्षांचा. कप्तान बर्ट मॅकाल्पिन हा त्याचा मेव्हणा. लेस्टरची बायको नोरीन ही बर्टची धाकटी बहीण. ती गावच्या लहानशा इस्पितळात मदतनीस होती आणि त्या दिवशी चहाच्या तंबूत कप भरत होती.

खेळ संपायला दहा मिनिटे होती. लेस्टरला विरिनच्या दोघांनी गाठले. एकाने गुडघे धरले. दुसऱ्याने, कॉलिन स्ट्रूडने, कोपराखालचा हात त्याच्या गळ्यावर आडवा हाणला. लेस्टर हवेत उलटा झाला आणि डोक्यावर पडला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

पेकने मला त्याच्या शेजारी ठेवले. "लेस, बोटं हलव."

"हलतायत. पण मुंग्या आल्यात. माझी वाटतच नाहीत."

"मग पडून राहा. मान जरासुद्धा हलवू नकोस."

बर्ट धावत आला. "पेक, ते घेऊन जा इथून. पुढच्या रविवारी फायनल आहे."

"ही मान आहे बर्ट, गुडघा नाही."

"याला त्याच्यावर ठेवलंस तर गेला ना तो दोन रविवार! चालत नेतो मी त्याला. लेस, चालशील ना रे?"

"नाचत जाईन," लेस्टर म्हणाला. "उचला."

कडेवरून कुणीतरी ओरडले, "उठ रे क्विल्टी! बायकोचा चहा गार होतोय!" पण त्याची बायको कुंपण ओलांडून धावत येत होती. "बर्ट, हात लावू नकोस त्याला! आधी मान धरा!"

"तू तुझी किटली बघ," बर्ट म्हणाला. त्याने आणि आणखी एकाने लेस्टरला काखेत धरून उभे केले.

लेस्टरचे डोके पुढे लोंबले. तो तीन पावले चालला. चौथे पडले नाही. "माझे पाय कुठे गेले?" त्याने हळूच विचारले. तेव्हा कुठे त्याला माझ्यावर ठेवले.

तो जगला. एकोणीस वर्षे चाकांच्या खुर्चीत जगला. फायनल कुराम्बीने जिंकली, पण विजेत्यांना मिळणारी ढाल कुणीही घरी नेली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत लीगची सभा भरली. नोरीन मला खांद्यावर घेऊन आत आली आणि तिने मला जमिनीवर मांडले. "बर्ट, झोप यावर."

मागून कुणीतरी म्हणाले, "अगं, दोन रविवार बाद होईल तो!" बर्ट झोपला. ती त्याच्या डोक्यामागे गुडघे टेकून बसली आणि दोन्ही तळव्यांत तिने त्याचे डोके धरले.

"कोपरं मांडीवर टेकवायची. बोटं जबड्याखाली. मदत येईपर्यंत सोडायचं नाही, काहीही झालं तरी. आता एकेकाने या."

साठ माणसांनी एकेक करून बर्टचे डोके धरले. त्याच्या डोळ्यांतले पाणी कानांत उतरत होते. तिने ते पुसले नाही. त्या सभेत तो नियम रद्द झाला.

लीग मात्र टिकली नाही. दुष्काळ पडला, रेल्वेचा फाटा बंद झाला, दोन गावांना तेरा माणसेही जमेनात. १९६६ मध्ये कुराम्बी आणि विरिन पुन्हा समोरासमोर आले. चाळिशीतला बर्ट त्या दिवशी चेंडू शोधत नव्हता. तो कॉलिन स्ट्रूडला शोधत होता, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होते. त्याने त्याला गाठले, कमरेतून उचलले आणि डोक्यावर आपटले.

कॉलिन उताणा पडला. त्याचे ओठ पांढरे झाले होते. "बोटांना मुंग्या," तो म्हणाला.

बर्ट क्षणभर उभा राहिला. मग त्याने गुडघे टेकले, कोपरे मांडीवर ठेवली आणि कॉलिनचे डोके तळव्यांत धरले. विरिनचे लोक धावून आले. "सोड त्याला, खाटका! आम्ही नेतो!" एकाने बर्टच्या नाकावर ठोसा मारला. दुसऱ्याने पाठीत बूट घातला. बर्टच्या नाकातून रक्त कॉलिनच्या कपाळावर ठिबकत होते. हात हलले नाहीत. "मान," तो एवढेच म्हणत होता, "मान आहे ती."

रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटे लागली. तोपर्यंत अंधारून आले. खेळ अर्धवट राहिला, आणि त्यानंतर लीगचा एकही खेळ झाला नाही. सहा आठवडे मानेला पट्टा लावून राहिल्यावर कॉलिन स्ट्रूड इस्पितळातून बाहेर आला. स्वतःच्या पायांनी.

मित्रांनो, मी आता कुणाला वाहू शकणार नाही. म्हणून एवढेच मागतो. तुमच्यातले कुणी डोक्यावर पडले, तर त्याला शूर ठरवण्यासाठी उभे करू नका. बोटे जाणवतात का, ते विचारा. त्याचे डोके दोन्ही हातांत स्थिर धरा आणि मोठ्या माणसाला बोलवायला कुणाला तरी पळवा. कडेचे लोक ओरडतील. ओरडू द्या.