मकदूम रोडलाइन्सची दुसरी फेरी

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता भवानी पेठेतल्या त्या पुढच्या खोलीत एक स्टीअरिंग होतं, तीन पेडलं होती, चोवीस इंची सेकंडहँड मॉनिटर होता, दोन स्पीकर, एक माइक, प्लास्टिकची एक खुर्ची, अर्धा किलो लसूण आणि तीन माणसं. तिघांपैकी ट्रक चालवता येणारं माणूस एक, गेम खेळता येणारं एक आणि धंदा कळणारं एक. ही तीन वेगवेगळी माणसं होती, आणि सबाच्या मते सगळी अडचण तिथंच होती.

सबा म्हणजे या घरातली एकुलती एक मुलगी, बीएस्सी फिजिक्स. गेम खेळता येणारी तीच. ट्रक चालवणारे तिचे अब्बा, मकदूम. चौतीस वर्षं गाडीवर, त्यातली बावीस स्वतःच्या. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गाडी विकली, आणि बाजार समितीजवळच्या गाळ्यावरचा ‘मकदूम रोडलाइन्स, सोलापूर’ हा पत्र्याचा बोर्ड उतरवला. बोर्ड उतरवताना ते काही बोलले नाहीत. नंतरही नाहीत. सबाला ते गप्प राहणंच सलत होतं.

म्हणून तिनं हा गेम शोधला. त्यात ट्रक चालवायचा, पण नुसता चालवायचा नाही. कंपनी काढायची, माल ठरवायचा, गाडी कुठून कुठं रिकामी जाणार नाही ते बघायचं. यंदा गेमच्या नकाशात सोलापूर आलं होतं. सोलापूरच्या डेपोवर मोठा बोर्ड होता आणि तो कोरा होता. आज संध्याकाळपर्यंत सोलापूर ते रत्नागिरी आणि परत, या फेरीत जी कंपनी सगळ्यात जास्त गुण मिळवेल, तिचं नाव त्या बोर्डावर वर्षभर राहणार होतं. जगात जो कुणी हा गेम खेळत सोलापुरात येईल त्याला ते दिसणार होतं.

“खेळ हाय त्यो,” अब्बा आठवडाभर म्हणत होते. “खेळातल्या बोर्डाला काय चाटायचंय?”

आणि आज सकाळी त्यांनी दाढी करून, इस्त्री केलेला खाकी शर्ट घातला होता.

प्रत्येक कंपनीला दोनच फेऱ्या. पहिली सबानं गेल्या शनिवारी मारली होती. तिनं तक्ता करून सगळ्यात जास्त गुणांचा माल निवडला होता : फरशी, तीनशे गुण. रत्नागिरीला पोचली तेव्हा ती एकशे साठची राहिली होती, बाकीची फुटली. आणि परतीचा माल निघण्याआधीच ठरवावा लागतो, हे तिला तिथं पोचल्यावर कळलं. गाडी रिकामी परत आली, हे तिनं घरात आज सकाळी सांगितलं. एकूण गुण एकशे साठ.

“रिकामी?” अम्मी दिवाणावर लसूण सोलत होती, ती थांबली. अजीजा हे तिचं नाव. आयुष्यात ती ट्रकमध्ये एकदाही बसली नव्हती, पण बावीस वर्षं फोनवरून त्या गाडीचं भाडं तिनंच ठरवलं होतं. “तुझे अब्बा गाडी रिकामी घेऊन आले असते ना, तर मी दार उघडलं नसतं.”

“एकदा उघडलं न्हवतंच,” अब्बा म्हणाले. “हुबळीवरनं आलो तवा.”

त्यामुळं दुसऱ्या फेरीची मालक अम्मी झाली. सबानं पडद्यावरचे पर्याय वाचून दाखवले. जाताना फरशी तीनशे, यंत्राचे भाग अडीचशे, चादरी एकशे ऐंशी.

“चादरी,” अम्मी म्हणाली.

“अम्मी, सगळ्यात कमी गुण आहेत.”

“चादर फुटती का? येताना काय हाय?”

“आंबे. दोनशे चाळीस. पण जोरात ब्रेक मारला की दबतात.”

“ब्रेकचं मी बघते. आंबे घे.”

एकूण चारशे वीस. पहिल्या नंबरावर ‘चनबसप्पा अँड सन्स, दुधनी’ अशी कंपनी होती, गुण चारशे बारा. म्हणजे नव्वद मिनिटांच्या फेरीत अब्बांना जास्तीत जास्त सात गुण गमावता येणार होते. गाडीला लागलं की गुण जाणार, नियम मोडला की एक गुण जाणार. सबानं वहीत ४२० लिहिलं आणि खाली रेघ मारली.

दहा वाजता गाडी सुटली. मंगळवेढ्याच्या अलीकडं पहिला सिग्नल लाल झाला आणि अब्बांनी ब्रेक मारला.

आता, खऱ्या ट्रकचा ब्रेक सगळा पाय लावून दाबायचा असतो. या पेडलाला अंगठ्याचा जोर पुरतो. अब्बांनी चौतीस वर्षांचा पाय टाकला, पेडलं गुळगुळीत फरशीवरून सुळ्ळकन टेबलाखाली गेली, खुर्ची तेवढ्याच वेगानं मागं आली आणि अब्बा दोन्हींच्या मध्ये पालखीसारखे आडवे लोंबकळत राहिले. पडद्यावर गाडी सिग्नल ओलांडून कठड्याला जाऊन टेकली. दोन गुण गेले.

“ब्रेक फेल!” अब्बा जमिनीलगतून ओरडले.

“फेल नाही, पळालाय! एकतीस सेंटिमीटर!” सबा टेप घेऊन टेबलाखाली होती. मोजल्याशिवाय तिला राहवत नसे. गाडी बाजूला लावून तिनं वजनकाटा उभा धरला आणि अब्बांना दाबायला लावलं. एक्केचाळीस किलो.

“अब्बा, सहा पुरे आहे.”

“सा किलोत वीस टन थांबतंय व्हय? उगं काय तरी.”

सबानं भराभर गणित केलं. फरशीचा घर्षणांक साधारण शून्य पूर्णांक तीन. एक्केचाळीस किलोचा जोर अडवायला पेडलांमागं एकशे सदतीस किलो वजन हवं. स्वयंपाकघरात ज्वारीचं पोतं होतं, तीस किलोचं. ते ओढत आणून पेडलांमागं टेकवलं. अम्मी चौसष्ट. एकूण चौऱ्याण्णव.

“त्रेचाळीस किलो कमी पडतात,” सबा म्हणाली.

“सर बाजूला,” अम्मी म्हणाली. ती लसणाचं ताट घेऊन टेबलाखाली शिरली, पोत्याला पाठ लावून बसली आणि दोन्ही पाय समोरच्या लोखंडी कपाटाला टेकवले. हे समीकरणात नव्हतं. खुर्चीमागं दिवाण सरकवला. अब्बांनी पुन्हा ब्रेक दाबला. कपाट धडाड् वाजलं, आतले डबे खणखणले, आणि पेडल जागचं हललं नाही.

“चला,” टेबलाखालून आवाज आला. “पण मला हितनं काय दिसत न्हाय. कुटं पोचलो ते सांगत जावा.”

पुढचा रस्ता असा झाला की गाडी रत्नागिरीला जाते आहे की कपाट, हे शेजाऱ्यांना कळेना. प्रत्येक वळणाला धडाड्. “मिरज!” सबा सांगायची. “कोल्हापूर!” आणि टेबलाखालून प्रश्न यायचा, “कोल्हापुरात थांबला न्हाय ना कुटं? थांबायची लई सवय हाय त्यास्नी.” अब्बा हसायला लागले की स्टीअरिंग हलायचं, सबा “स्टीअरिंग, अब्बा, स्टीअरिंग!” म्हणून ओरडायची आणि मग तिलाच हसू आवरायचं नाही.

पण गुण जात होते, आणि ते भलत्याच कारणानं. गाडीमागं दुसऱ्या कुणाची गाडी आली की अब्बा उजवा इंडिकेटर लावायचे. आपल्याकडं त्याचा अर्थ सगळ्या हायवेला ठाऊक आहे : पुढं मोकळं आहे, जा बाबा. गेमच्या पुस्तकात मात्र त्याचा अर्थ ‘न वळता इशारा दिला’ असा होता. दर वेळी एक गुण. वर अब्बा उजवा हातही खिडकीबाहेर काढायचे. खिडकी नव्हती. चहाचा कप होता, तो गेला.

मागची माणसं जगाच्या कुठल्या कोपऱ्यातली होती कोण जाणे. तिघांना साइड दिली आणि तिघंही मागंच राहिले.

“आंधळी हायत का काय ही?” अब्बा खवळले.

“अब्बा, त्यांना कळत नाही! तीन गुण गेले. चारशे पंधरा राहिले. आता हात लावू नका त्याला.”

“न्हाय लावत. घे. आईशप्पत.”

रत्नागिरीला चादरी उतरल्या, एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी. आंबे चढले. आणि आंबा घाट चढताना मागं एक गाडी आली. सबानं अब्बांच्या डाव्या हाताकडं बघितलं. हात इंडिकेटरकडं सरकत होता.

“नाही,” ती म्हणाली.

“त्याची गाडी हलकी वाटतीय. माझ्यामागं जीव चाललाय त्याचा.”

“अब्बा, नाही!”

“घाटात हाय गं त्यो!” आणि उजवा इंडिकेटर लागला. चारशे चौदा.

मागची गाडी क्षणभरही थांबली नाही. झर्रकन बाहेर निघाली, बाजूनं पुढं गेली आणि जाता जाता तिनं दोनदा बारीक हॉर्न दिला. पीं-पीं. अब्बा खुर्चीत ताठ झाले. दोन वर्षांत सबानं त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता.

“कळलं! त्याला कळलं! अजीजा, त्याला कळलं!”

“कुणाला? काय?” टेबलाखालून.

या गेममध्ये गाड्या जवळ आल्या की एकमेकांचा आवाज ऐकू येतो. स्पीकर खरखरला. “कोण री हे? ह्या खेळात साइड देणारं माणूस पैल्यांदाच बघायलोय.”

“सोलापूर, भवानी पेठ. मकदूम. तुमी?”

“दुधनी. चनबसप्पा.”

सबानं पुढच्या गाडीवरची पाटी वाचली. तेच होते.

“म्हंजे माझा बोर्ड काढायला निघालाय म्हणा की तुमी,” स्पीकर म्हणाला.

“अजून लागलाय कुटं तुमचा?”

“सांजपर्यंत लागतोय री. आडत दुकान हाय माझं, बोर्ड लावायची सवय हाय. आदी इस वर्सं गाडी चालवलीय. ही दुसरी फेरी तर गेली माझी, घाट उतरताना खड्ड्यात तोंड घातलं. पण चारशे बारा हायत ना पैल्या फेरीचे. काढा बघू त्यापरीस जास्त.”

“मामा,” मागून एका बाईचा आवाज आला, “कशाला सांगत बसलाय त्यांना?” ती त्यांची सून सिद्धेश्वरी असावी, कंपनीच्या पानावर व्यवस्थापक म्हणून तिचं नाव होतं.

“विचारा त्यास्नी तुरीचा भाव काय चाललाय,” अम्मी टेबलाखालून म्हणाली.

सांगोला गेलं, मंगळवेढा गेलं. सिग्नलला अब्बांनी वेग आधीच उतरवला होता, तरी कपाट धडाडलं आणि गाडी पट्टीच्या अलीकडं थांबली. एकही आंबा दबला नाही. सोलापूरचा डेपो आला तेव्हा पाच मिनिटं वीस सेकंद उरली होती आणि गुण चारशे चौदा होते. सबानं वही बंद केली. आता फक्त गाडी मागं घेऊन फलाटाला लावायची.

आणि अब्बांनी हात खाली ठेवले.

“सबा. मागं कोण हाय?”

“मागं? कुणी नाही. आरसे आहेत की.”

“आरशात बघून मी कवा गाडी मागं घेतली न्हाय.”

तिला खरंच वाटेना. पण ते खरं होतं. चौतीस वर्षं मागं कुणीतरी उभं असायचं, क्लीनर, नाहीतर हमाल, नाहीतर दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर. तो येऊ द्या, येऊ द्या म्हणायचा आणि फळीवर थाप मारायचा. अब्बा गाडी डोळ्यांनी पुढं न्यायचे आणि कानांनी मागं आणायचे. आरशात त्यांना दिसत होतं ते सगळं उलटं होतं. पहिल्याच प्रयत्नात गाडीचा कोपरा खांबाला घासला. चारशे तेरा.

“मी सांगते,” सबा म्हणाली. “मागं चार पूर्णांक दोन मीटर. डावीकडं अकरा अंश.”

“अंश म्हंजे किती?”

“थोडं! थोडं डावीकडं! तीन पूर्णांक सहा!”

“थोडं म्हण की मग! पूर्णांक कशाला घालतीस मधी?”

“अम्मी, तू सांग!”

“मला कपाट दिसतंय,” अम्मी म्हणाली. “मी काय सांगू?”

गाडी तिरकी झाली, पुढं घेतली, पुन्हा तिरकी झाली. अजून एक गुण गेला तर चारशे बारा, आणि बरोबरीला नियम असा की ज्याचे आधी, त्याचा बोर्ड. दोन मिनिटं दहा सेकंद. अब्बांच्या खाकी शर्टाची पाठ ओली झाली होती. सबाला वाटलं, हे आपण करायलाच नको होतं. एकदा बोर्ड उतरला होता तेवढं पुरे होतं.

स्पीकर खरखरला.

“बर्ली,” चनबसप्पा म्हणाले.

त्यांची गाडी शेजारच्याच फलाटाला उभी होती. तिथून अब्बांच्या गाडीची पाठ सरळ दिसत असणार.

“बर्ली, बर्ली... एडक्क थोडं... हां, बर्ली.”

अब्बांनी डोळे मिटले. सबा किंचाळणार होती, पण गाडी सरळ होत होती. दुधनीला, गुलबर्ग्याला चौतीस वर्षं याच कानडी शब्दांवर त्यांनी गाडी मागं घेतली होती. बर्ली म्हणजे येऊ दे, एडक्क म्हणजे डावीकडं, आणि साक म्हणजे पुरे, थांब.

“मामा!” मागून सिद्धेश्वरी ओरडली. “काय करताय? चारशे तेरा हायत त्यांचे! बोर्ड आपला जाईल की! गप बसा!”

“अगं गाडी मागं यायलीय! गप कसा बसू?” आणि पुन्हा माइकला तोंड लावून, “बर्ली, मकदूमभाई, बर्ली. मी हाय मागं. सावकाश.”

“मामा, माइक द्या हिकडं!”

“सोड गं! बर्ली... बर्ली...” स्पीकरमधून थापा ऐकू यायला लागल्या, तिकडं दुधनीत ते कशावर तरी तळहात मारत होते. थप. थप. थप. अब्बांचा पाय पेडलावर वर-खाली होत होता, सहा किलोनं, पाचनं, सबाच्या काट्यावर दिसलासुद्धा नसता इतक्या हलक्या जोरानं. कपाट वाजत नव्हतं. अम्मीचा श्वास ऐकू येत होता.

“बर्ली... बर्ली...”

चाळीस सेकंद.

“साऽक!”

गाडी रांगतच होती, आंब्यांना धक्का बसण्याइतका वेग नव्हता; अब्बांनी सगळा पाय टाकला. कपाट धडाडलं, वरची पेटी खाली आली, लसूण खोलीभर उधळला. टेबलाखाली अम्मी खो खो हसत होती आणि तिकडं दुधनीत सून-सासऱ्यांचं भांडण जुंपलं होतं. अब्बांचे डोळे अजून मिटलेले होते.

सबानं पडदा वाचला. फलाटापासून अंतर चार सेंटिमीटर. वेळ एकोणनव्वद मिनिटं एकतीस सेकंद. गुण चारशे तेरा.