गच्चीवरचा मेन स्विच

सहदेवने तळहात कॉम्प्रेसरच्या पोटाशी टेकवला आणि तिथेच बसकण मारली. लोखंड गार होतं. बंद मशीनचं पोटसुद्धा कोमट लागायला हवं. त्यासाठीच तर तिथे हीटरची पट्टी गुंडाळलेली असते. पट्टी गार पडली की गॅस तेलात उतरतो, आणि मशीन चालू केलं की तेलाऐवजी फेसच फिरतो. तसंच झालं होतं. आज, सोमवारी सकाळी नऊ वाजता बटण दाबलं, दोन ठोके पडले आणि सगळं बंद.

"गेलो ह्यो कॉम्प्रेसर!" तो स्वतःशीच मालवणीत म्हणाला.

एसीच्या कामात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती. त्याच्या देखरेखीखालचा एकही कॉम्प्रेसर असा मेला नव्हता. चारकोपच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये नव्या माणसांना हे आवर्जून सांगितलं जायचं, तेव्हा सहदेव मुद्दाम दुसरीकडे बघायचा. पण ऐकायचा कान देऊन.

पट्टी त्याने मीटर लावून तपासली. ठणठणीत! म्हणजे पट्टीला वीजच मिळाली नव्हती, कुणीतरी मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला होता.

"काय हो सहदेव, आजच बिघडायचं होतं का याला?" सुहासिनीबाई स्वतः चहा घेऊन गच्चीवर आल्या. अंधेरीच्या या ऑफिसात त्या हेडक्लार्क. आज निवृत्त होत होत्या, चार वाजता खाली हॉलमध्ये निरोप समारंभ होता. रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की बाई तो बंद करणारच. पोरं मागून हसायची. समोर कुणाची टाप नव्हती.

"बाई, शनिवारी वर कोण आलेलं?"

"मीच! शेवटचा शनिवार ना, म्हटलं सगळं नीट बघून जावं. तर हा मेन चालूच! तुमचा माणूस विसरला असणार. मी केला बंद, आणि आज आल्या आल्या चालू केला. कुणाला बोलले नाही हं, उगाच त्याला बोलणी बसतील."

आता बोला! सहदेवला राग आला, पण तो बाईंवर धरवेना. 'बंद करू नये' ही चिठ्ठी स्विचवरून कधीच गळून पडली होती, आणि नवी लावायची त्याच्याकडूनच राहिली होती. त्याने चहा संपवला. बाई खाली गेल्यावर ती चांगली पट्टी कापून पिशवीत टाकली, पुन्हा कुणी तपासायला नको.

ऑफिसचा मॅनेजर केयूर धापा टाकत वर आला. "वाट लागली ना! लेखी द्या, कशामुळे गेला. कुणी हात लावला असेल तर नाव टाका, आजच मेमो देतो."

सहदेवने लिहिलं, 'हीटर निकामी होता. तपासणीत लक्षात आलं नाही.' खाली सही केली.

केयूरने वाचलं. "म्हणजे तुमचीच चूक?"

"माझीच."

"मग पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवायला सांगतो. सॉरी हां."

"सांगा."

चार वाजता हॉलमध्ये भाड्याचे पंखे घरघरत होते. सामान घेऊन निघालेला सहदेव दाराशी थबकला. त्याला पाहून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हेच ते, यांनीच वाट लावली!"

बाईंनी लगेच माइक ओढून घेतला. "ए, त्यांना कुणी काही बोलायचं नाही. इतक्या वर्षांत माणसाकडून एखादी चूक होतेच रे. माझ्याकडून नाही झाली, तो भाग वेगळा!"

हॉल हसला. टाळ्या सुरू झाल्या. सहदेवने हातातलं सामान खाली ठेवलं आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या.