येतानाचा मोजा

एसटीच्या खिळखिळ्या खिडक्या मंठ्याला वाजायला लागत त्या जालन्यापर्यंत थांबत नसत. पण त्या खडखडाटातही वहिनीच्या सुयांची आणि त्यांना लागणाऱ्या बांगड्यांची बारीक किणकिण मला वेगळी ऐकू यायची. हातांकडे ती क्वचितच पाही. हात विणत राहत, डोळे बाहेरच्या शिवारावर खिळलेले असत, आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून माझा थोरला भाऊ, दादा, लहान पोरासारखा झोपलेला असे.

दादा आठवडी बाजारांतून स्टीलची भांडी विकत हिंडणारा माणूस. त्याचं सगळं दुकान त्याच्या पायांवर. त्याच पायांतलं भान शुगरनं हळूहळू पुसून टाकलं. उजव्या तळव्यात खिळा रुतला तेव्हा त्याला कळलंच नाही. फरशीवरचं रक्त पाहून ते वहिनीला कळलं. तेव्हापासून दर आठवड्याला जालन्याच्या दवाखान्यात पट्टी बदलायची खेप सुरू झाली. पायांना सदैव मऊ मोजे हवेत, असं डॉक्टर म्हणाले. दुकानातल्या मोज्यांचं रबर करकचतं म्हणून वहिनीनं शाळेत कधीकाळी शिकलेलं विणकाम पुन्हा हाती घेतलं.

तिचा एक नेम होता. जाताना डावा मोजा चार बोटं वाढायचा, येताना उजवा चार बोटं. बसमध्ये ती नेहमी एकाच बाजूला बसे, त्यामुळे जाताना रस्त्याची एक कड दिसे आणि येताना दुसरी. ज्या कडेला जे पीक, त्याचा रंग त्या मोज्यात उतरे. बोंडं फुटलेल्या कपाशीचा मळकट पांढरा, तुरीच्या फुलांचा पिवळा, नुकत्या नांगरलेल्या रानाचा ओला काळा. वाटूरच्या पुढच्या करडईचा शेंदरी मिळावा म्हणून तिनं मला जालन्यातली लोकरीची सगळी दुकानं पालथी घालायला लावली होती, आणि मी आणलेली पहिली गुंडी नाक मुरडून परत पाठवली होती. दोन मोजे कधीच सारखे होत नसत. बाजारात लोक जोड चुकली का म्हणून दादाला हसत, आणि तो फुशारकीनं सांगे की चुकली नाही, एक जातानाचा आहे आणि एक येतानाचा.

गेल्या हिवाळ्यात करडई ऐन फुलात असताना जखम काळी पडली. दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

घरी परतताना आम्ही भाड्याची जीप केली होती. दादा मागच्या सीटवर आडवा, त्याचं डोकं वहिनीच्या मांडीवर, पुढे ड्रायव्हरशेजारी मी. वाटूर मागे पडलं आणि ती ओळखीची किणकिण कानावर आली. वळून पाहिलं, तर तिच्या हातात उजवा मोजा होता, टाचेपर्यंत आलेला. येतानाचा. सवयीनं हात चालले असतील, अशी मी मनाची समजूत घालू पाहिली. पण तिचे डोळे पुसलेले, कोरडे होते आणि आपण काय विणतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. मला तिचा राग आला. त्या सुया हिसकून खिडकीबाहेर फेकाव्यात असं वाटलं. तेवढ्यात दादा डोळे मिटूनच म्हणाला,

"त्या पायाला लई गार लागून राह्यलंय गं."

"झालंच," वहिनी म्हणाली. "टाच तेवढी वळायची राह्यली."

पुढे मी मागे वळून पाहिलं नाही. आठ दिवसांनी मोजा पुरा झाला. दादाच्या अंगावरची चादर जिथे एकदम सपाट होई, तिथे तिनं तो आत सारला आणि वरून हात फिरवला. त्या रात्री दादाला झोप लागली.

आता पुन्हा करडई फुलली आहे आणि डाव्या पायाचा अंगठा काळा पडला आहे. आज आम्ही जालन्याला निघालो आहोत. हाही पाय काढावा लागेल आणि या वेळी जिवाची खात्री नाही, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच सांगून ठेवलंय. वहिनी तिच्या नेहमीच्या बाजूला बसली आहे. सुया पिशवीत आहेत, पिशवी पायाशी आहे, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले आहेत. बांगड्या वाजत नाहीत. वाटूरनंतर शेंदरी रानं लागली तेव्हा मला राहवलं नाही, म्हटलं, वहिनी, बघा, यंदा रंग किती गडद आलाय. तिनं मान वळवली नाही.

"आता कुणासाठी बघू, भावजी?"

दादा तिच्या खांद्यावर झोपला होता. नसलेल्या पायालाही गारठा लागतो, हे मी मागच्या वर्षी शिकलो; उद्या माणूसच नसला तर त्याचा गारठा कोण किती वर्षं सोसत राहणार, ते तिच्या त्या मोकळ्या हातांकडे पाहताना मला आजच दिसू लागलं आहे.